पानाची पालथी बाजू

सोमवारी सकाळी शेजारच्या ड्रायव्हरने मधल्या भिंतीवर दोन्ही कोपरं टेकली आणि इकडचं तिकडचं काही न बोलता सांगून टाकलं, "रविवारी फवारणीवाला येतोय."

टर्नर वांग्यांच्या वाफ्यात उकिडवा बसला होता. त्याने मान वर केली नाही. हातातली खुरपी मात्र थांबली.

"कसली फवारणी?"

"कसली म्हणजे? औषधाची. तुमच्या त्या वांग्याला जरा धक्का द्या बघू. अहो, द्या तर!"

टर्नरने झाडाला बोट लावलं. पानांखालून पीठ उडावं तसा पांढरा ढग उठला, हवेत क्षणभर घुटमळला आणि परत पानांखाली जाऊन बसला.

"बघितलंत? ही पांढरी माशी आता माझ्या टोमॅटोवर बसतेय. दोन झाडांची पानं वाटीसारखी वर वळली, वाढ खुंटली. ती मी उपटून टाकली. चाळीस उभी आहेत अजून. ती पण उपटू?"

टर्नरने खुरपीच्या टोकाने मागच्या खोलीची खिडकी दाखवली. "ही आत असते."

"माहीत आहे मला. म्हणून तर सहा दिवस आधी सांगतोय. वहिनींना दोन-तीन दिवस लेकीकडे पाठवा."

"लेक तिसऱ्या मजल्यावर राहते. लिफ्ट नाही. ही न्हाणीघरापर्यंत जाताना मध्ये एकदा खुर्चीवर बसते."

ड्रायव्हरने भिंतीवरची कोपरं काढली. माणूस वाईट नव्हता. गेल्या वर्षी मागच्या घरातल्यांनी त्यांच्या कुंपणाच्या झाडांवर औषध मारलं, वारा इकडे फिरला आणि तासाभरात टर्नरच्या बायकोचे ओठ निळे पडले. तेव्हा तिला दवाखान्यात पोचवणारा हाच ड्रायव्हर होता. सिग्नल तोडत नेली होती त्याने गाडी. नऊ दिवस नाकात नळी होती. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले होते, पुन्हा असं झालं तर इथपर्यंत आणायला वेळ मिळेलच असं समजू नका.

पण ड्रायव्हरचंही एक होतं. त्यानंतर त्याचा एक पाय गुडघ्यातून वाकेनासा झाला होता. गाडी सुटली, फिरणं सुटलं. उरले ते हे चार वाफे, आणि तेसुद्धा त्याने काठी टेकून, निम्मं काम स्टुलावर बसून उभे केले होते.

"तुमच्याकडे दुसरा उपाय असेल तर करा," तो शेवटी म्हणाला. "रविवारपर्यंत हा ढग उठायचा थांबला तर मी त्याला दारातून परत पाठवीन. शब्द देतो. नाही थांबला तर मग मला बोल लावायचा नाही."

टर्नरने चौतीस वर्षं लेथवर काढली होती. नाव त्याला होतं, पण कारखान्यात आणि नंतर गल्लीतही तो टर्नरच राहिला. लोखंडाचा दांडा फिरत असायचा, समोर पोलादी टूल, आणि दोघांच्या मध्ये हा. केसाच्या दहाव्या हिश्शाचा फरक त्याच्या बोटांना कळायचा. एखादा जॉब मापात बसला नाही तर साहेबाच्या नजरेला पडायच्या आत तो स्वतःच त्यावर लाल खडूने फुली मारायचा. त्यामुळे तो साहेबाचा लाडका नव्हता आणि सोबत्यांचाही नव्हता. चौतीस वर्षांत त्याचं एकही काम परत आलं नाही, एवढीच त्याची मिळकत, आणि ती तो कुणाला सांगत नसे.

बाग बायकोची. वीस वर्षं तिनेच केली. दोन वर्षांपूर्वी तिची छाती भरून यायला लागली तसं खुरपं तिच्या हातातून त्याच्या हातात आलं. ती खिडकीशी बसून हुकूम सोडायची, तो निम्मे ऐकायचा.

त्या दिवशीही तिने भिंतीवरचं बोलणं सगळं ऐकलं होतं. तो आत आल्या आल्या म्हणाली, "फळीवर कडुनिंबाच्या तेलाची बाटली आहे. साबण घालायला विसरू नका, नाहीतर तेल वर तरंगतं. आणि मारायचं ते पानाच्या खालून. वरून आंघोळ घालू नका झाडाला."

"तेल आणि पाणी मिसळणं तू मला शिकवू नकोस. जन्म गेला त्यात."

हे खरं होतं, आणि घोळ झाला तो इथेच.

लेथवर लोखंड कापताना टूल तापतं. त्यावर पांढरं पाणी सोडतात, त्याला कूलंट म्हणतात. पाण्यात तेल घालून ते करायचं. टर्नर रोज सकाळी करायचा. लोखंड शंभर वेळा मोजणाऱ्या या माणसाने कूलंट मात्र कधी मोजलं नव्हतं. तेल ओतायचं, ढवळायचं, दुधासारखा रंग आला की झालं. पातळ दिसलं तर आणखी ओतायचं. डोळ्याला रंग पाठ होता.

मंगळवारी त्याने दहा लिटरच्या बादलीत साबण कालवला, तेल ओतलं, ढवळलं. रंग येईना. आणखी ओतलं. अर्धी बाटली संपली तेव्हा पाणी त्याच्या मनासारखं पांढरं झालं. मग पंप खांद्याला लावून सकाळी अकरा वाजता, टळटळीत उन्हात, त्याने बावीस वांग्यांचं पान न् पान खालून भिजवलं. दीड तास लागला. काम चोख झालं होतं. हात धुताना त्याला बरं वाटलं.

बुधवारी सकाळी चौदा झाडांची पानं करपलेली होती. कडा तपकिरी, मधला भाग तळल्यासारखा तेलकट. बोट लावलं की तुकडा पडायचा. टर्नर वाफ्याच्या कडेला उभा राहिला. त्याने एका झाडाला धक्का दिला. ढग उठला नाही. दुसऱ्याला दिला. नाही. पळभर त्याला आशा वाटली.

"टर्नर!" भिंतीपलीकडून हाक आली. तिच्यातच सगळं कळलं. "इकडे या जरा. तुमचे पाहुणे बघून जा."

पोट भरायला पान उरलं नाही म्हटल्यावर माशी भिंत ओलांडून गेली होती. ड्रायव्हरने काठीने टोमॅटोची एक फांदी हलवली आणि दोघांच्या तोंडापुढे पांढरं झालं.

"काल इतकी नव्हती. काय केलंत काय तुम्ही?"

"तेल जास्त पडलं."

"तुमचं तेल जास्त पडलं आणि माझी चाळीस झाडं गेली! मी रविवारपर्यंत थांबायचं कबूल केलं हीच चूक झाली." त्याने तिथेच फोन काढला. टर्नरला ऐकू यावं अशाच आवाजात बोलला. फोन ठेवून म्हणाला, "परवा सकाळी. शुक्रवार. आठ वाजता येतोय तो."

टर्नर घरात आला. बायको खिडकीशीच होती.

"किती तेल घातलंत?"

"अर्धी बाटली."

"सगळ्या बादल्यांना मिळून?"

"एका बादलीला."

मग तिला हसू फुटलं. "अहो, चमचाभर लिटरला पुरतो! मायक्रोमीटर घेऊन नखं कापणारा माणूस तुम्ही, आणि तेलाला माप नाही?"

"कूलंटला कधी मोजलं नव्हतं."

"लोखंड बोंबलत नाही म्हणून!"

हसता हसता खोकला आला. खोकल्यातून छातीत शिट्टी वाजायला लागली. त्याने फळीवरचा श्वासाचा पंप घेतला, तिच्या हातात दिला, पाठीवर हात ठेवून उभा राहिला. एक, दोन, तीन. शिट्टी बारीक होईपर्यंत त्याने एकवीस श्वास मोजले. हे साधं हसण्याने झालं होतं. औषधाचा वास अजून यायचाच होता.

श्वास जागेवर आल्यावर तिने खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं झाकण काढून त्याच्यापुढे धरलं. "हे घ्या. पाच मिलीची खूण आहे. लिटरला एक. आधी कोमट पाण्यात साबण, मग तेल, मग बाकीचं पाणी. उन्हं उतरल्यावरच मारायचं. आणि आधी एकाच पानावर मारून रात्रभर थांबायचं."

"थांबायला वेळ कुठे आहे?"

"परत झाडं जाळायला आहे का?"

त्या चौदा झाडांचं काय, तेही तिनेच सांगितलं. उपटायची, पण खताच्या खड्ड्यात नाही टाकायची. जाड पिशवीत भरून तोंड बांधून उन्हात ठेवायची, म्हणजे आत जे काही असेल ते आतच शिजेल.

दुपारी पिशव्या बांधून झाल्यावर टर्नर भिंतीला वळसा घालून पहिल्यांदाच ड्रायव्हरच्या फाटकातून आत गेला. ड्रायव्हर स्टुलावर बसला होता.

"तुमच्या वाफ्यात मला काम करू द्या."

"का? माझी जाळायची राहिली म्हणून?"

"एक पान द्या. तुम्हीच निवडा. आज संध्याकाळी मारतो. सकाळी ते हिरवं असलं तर बाकीच्याला हात लावीन."

ड्रायव्हरने काठीने एक झाड दाखवलं. "आणि समजा हिरवं राहिलं. एका दिवसात तुम्ही काय दिवे लावणार?"

"ढग उठायचा थांबला तर परत पाठवीन म्हणालात. ढग म्हणजे किती? मला आकडा पाहिजे."

"आकडा कसला?"

"शुक्रवारी तुम्ही कुठलीही दहा पानं तोडा. पालथी करून मोजू. जिवंत दहापेक्षा कमी निघाल्या तर तो परत जाईल. दहा किंवा वर गेल्या तर मी तोंड उघडणार नाही."

ड्रायव्हर हसला. "आणि आज किती आहेत?"

दोघांनी मोजल्या. दहा पानांवर एकशे चार.

"ठरलं," ड्रायव्हर म्हणाला, हरण्याची भीती नसलेल्या माणसासारखा.

गुरुवारी पहाटे साडेपाचला ते पान हिरवंच होतं. टर्नरने वेळ घालवला नाही. गारव्यात माशी सुस्त असते, हलवली तरी लवकर उडत नाही. एका बादलीत साबणाचं पाणी, एका हातात जुन्या बनियनचं फडकं. पान तळहातावर पालथं घ्यायचं, देठापासून टोकाकडे एकदा पुसायचं, फडकं बुडवायचं, पिळायचं, पुढचं पान. पानांवर माशीने सोडलेला चिकटा होता आणि त्या चिकट्यावर काजळीसारखी काळी बुरशी धरायला लागली होती. तीही पुसायची. एका झाडाला सात मिनिटं. चाळीस झाडं. मध्ये पाणी तीनदा बदललं.

सव्वादहाला ऊन चढलं तेव्हा तो थांबला. कंबर सरळ व्हायला तयार नव्हती. ड्रायव्हर स्टुलावरून सगळं बघत होता.

"चहा घेता?"

"नको. हात घाण आहेत."

दुपारी त्याने तेलाचे रिकामे डबे कापून वीतभर पत्रे केले, पिवळा रंग दिला, वाळल्यावर ग्रीसचा पातळ हात फिरवला आणि झाडांच्या शेंड्यांच्या उंचीवर वीस पत्रे टांगले. पिवळ्यावर माशी जाते. चार वाजेपर्यंत पत्र्यांवर तीळ पसरल्यासारखं दिसत होतं. मग संध्याकाळची फवारणी. या वेळी लिटरला एक झाकण, खुणेपाशी डोळा नेऊन. रंग फिकटच राहिला. हाताला ते पटत नव्हतं, आणखी थोडं ओत म्हणत होता. टर्नरने बाटलीचं बूच लावून टाकलं.

वाकून, पंपाचं तोंड वर करून, पानाच्या खालून. शेवटच्या ओळीत त्याचा उजवा खांदा वर जाईनासा झाला. डाव्याने केलं. तेवढ्यात उजेडही गेला. खालची पानं झाली की नाही हे त्याला नीट दिसलं नाही. घरी जाताना ते त्याच्या डोक्यात होतं.

शुक्रवारी आठला फवारणीवाला आला. पाठीवर पंप, गळ्यात मास्क. त्याने पाणी मागितलं, बाटली काढली, झाकण मात्र उघडलं नाही, कारण ड्रायव्हर म्हणाला, "जरा दम धर. आमचा एक हिशेब आहे."

टर्नरने बायकोला पुढच्या खोलीत बसवून मागची दारं-खिडक्या बंद केल्या होत्या. तरी त्याने वळून पाहिलं तेव्हा ती मागच्या खिडकीच्या काचेआड उभीच होती.

ड्रायव्हरने काठी टेकत ओळीओळीने फिरून पानं तोडली. लबाडी केली नाही, दयामायाही केली नाही. वरचं, मधलं, खालचं. शेवटची दोन त्याने शेवटच्या ओळीतली, अगदी मातीलगतची घेतली. स्टुलावर वर्तमानपत्र पसरून पानं एकेक पालथी केली.

"शून्य. एक. शून्य. शून्य. दोन." तो डोळे बारीक करून मोजत होता. "एक. शून्य. शून्य. एक... एक. एकूण सहा." त्याने परत एकदा पाहिलं. "एकशे चारच्या सहा! टर्नर, मानलं तुम्हाला." तो फवारणीवाल्याकडे वळला.

टर्नर शेवटच्या दोन पानांकडे बघत होता. शिरांच्या बेचक्यांत टाचणीच्या टोकाएवढे फिकट खवले होते. साबणाने मेलेला खवला तपकिरी होऊन वाळतो. हे ओले होते, चमकत होते. ड्रायव्हरच्या डोळ्यांना ते दिसले नव्हते. दिसणारही नव्हते.

गप्प राहिलं की संपलं. फवारणीवाला जाईल, खिडकी उघडेल. ती नऊ दिवसांची नळी त्याला आठवली, नाकाच्या कडेला पडलेला तिचा लाल वळ आठवला. हा काही लोखंडाचा जॉब नव्हता, की फुली मारली आणि दुसरा दांडा चढवला. ठरलं होतं मात्र 'जिवंत'. नुसत्या उडणाऱ्या असं ठरलं नव्हतं.

"थांबा," तो म्हणाला. "मोजणं झालेलं नाही."

त्याने खिशातलं भिंग काढून पानावर धरलं. "ही तिची पिल्लं. उडत नाहीत, बसल्या जागी रस पितात. जिवंत आहेत. या पानावर सात, त्यावर चार. अकरा. तुमच्या सहा धरून एकूण सतरा."

"डोकं फिरलंय का तुमचं?" ड्रायव्हर म्हणाला.

फवारणीवाल्याने पंपाचा पट्टा खांद्यावर ओढला. "म्हणजे मारायचं ना?"

ड्रायव्हरने भिंग टर्नरकडून काढून घेतलं, पान डोळ्यांपाशी नेलं आणि बराच वेळ बघत राहिला.

"ए, ही मरतात का तुझ्या औषधाने?"

"उडणारी मरते की. जागेवर."

"ही विचारतोय. ही बसलेली."

"ही... काही मरतात. अंडी नाही मरत. म्हणून आठवड्याने परत यावं लागतं. मग आणखी एकदा."

"म्हणजे तीन वेळा."

"तीन धरा."

"फोनवर का नाही बोललास?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

ड्रायव्हरने पान खाली ठेवलं. एकदा काचेआडच्या सावलीकडे पाहिलं, मग टर्नरकडे. "ही शेवटची ओळ अशी कशी राहिली?"

"खांदा गेला. उजेड पण गेला."

"बाकीच्या ओळींत अशी पिल्लं नाहीत?"

"आहेत. मेलेली. बघा भिंगातून."

ड्रायव्हरने बघितलं. बाकीची आठही पानं बघितली. फवारणीवाला घड्याळ दाखवू लागला तसा तो म्हणाला, "जा तू आज. पुढच्या शुक्रवारी याच वेळेला ये."

मग टर्नरला म्हणाला, "आकड्याने तुम्ही हरलात. हे मी विसरलेलो नाही. आठ दिवस देतो ते पिल्लं मेलेली दिसली म्हणून, दुसऱ्या कशासाठी नाही. पुढच्या वेळी दहा निघाल्या तर मी विचारत बसणार नाही."

"बरोबर आहे."

"आणि त्या शेवटच्या ओळीचं काय?"

"आत्ता करतो. ऊन व्हायच्या आत."

बादली आणायला टर्नर घरात गेला. बायको खुर्चीवर बसली होती. बंद खोलीत तिला धाप लागली होती, तरी बोलायचं ते तिने बोलून घेतलं.

"सहा म्हणाला होता ना तो?"

"हो."

"आणि तुम्ही सतरा केलेत."

"सतराच होत्या."

"त्याने मार म्हटलं असतं तर?"

"तुला उचलून पुढच्या रस्त्यावर नेलं असतं. वारा मागे जातोय, ते बघून ठेवलं होतं."

"बघून ठेवलं होतं," ती म्हणाली. "सगळं बघून ठेवता. श्वास कुणाचा होता? मला विचारलंत?"

टर्नर बादलीची कडी धरून उभा राहिला. चौतीस वर्षांत त्याने आपल्या कामावर फुली मारली होती. ती फुली दुसऱ्या कुणाच्या जिवावर पडू शकते हे त्याला आज पहिल्यांदा कुणीतरी तोंडावर सांगत होतं.

"खोटं बोला, असं नसतं म्हटलं मी," ती म्हणाली. "मीही सतराच म्हटलं असतं. पण म्हणायचं मी होतं. पुढच्या शुक्रवारी मोजायला मी येणार. वाफ्यात खुर्ची ठेवा माझी."

"तिथे तो पंप घेऊन उभा असेल."

"असू दे. झाकण तर बंद असेल ना? मोजून दहाच्या आत आल्या तर बंदच राहील. त्याचं बघा तुम्ही."

त्याने कोमट पाणी घेतलं, साबण विरघळवला, झाकण खुणेपर्यंत भरून तिच्यासमोर धरलं. तिने वाकून बघितलं आणि मान हलवली. मग तो फडकं खांद्यावर टाकून शेवटच्या ओळीत गेला, मातीलगतच्या पानांपासून सुरुवात केली, आणि तिसऱ्या झाडापाशी पोचल्यावर सावली कुठवर येते ते पाहून खुर्चीच्या चार पायांपुरती जमीन हाताने सपाट केली.